दत्ताराम मिस्त्रीची फुंकर

लालबागेत चिंचपोकळीच्या पुलाकडे वळलं की पत्र्याच्या शेडमध्ये दत्ताराम मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय हो, एक गाडी आत, आणि दुसरी आली तर ती गटारावर. पाटी नाही, फोन नाही. भिंतीवर मारुतीची तसबीर आणि तिच्या शेजारी कोणीतरी खडूने लिहिलेलं ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. पाटी नसली तरी भायखळ्यापासून परळपर्यंतच्या टॅक्सीवाल्यांना हे गॅरेज बरोबर सापडायचं. गाडी कुठेच बरी झाली नाही की शेवटी इथे आणायची, असा रिवाजच पडून गेला होता.

दत्ताराम मूळचा वेंगुर्ल्याकडचा. ग्रँट रोडला एका पारशी बावाजीच्या वर्कशॉपात हाताला तेल लागलं ते कायमचं. माणूस कसबी, पण तोंडाला लगाम नव्हता. गाडीचा जो दोष असेल तो मालकाच्या तोंडावर सांगायचा, मग मालक कोणी का असेना. सख्ख्या मेहुण्याला त्याने भर पंगतीत ऐकवलं होतं, “गाडीक काय्येक झालेला नाय, तूच मेल्या क्लचवर पाय ठेवून झोपतंस.” मेहुणा पान सोडून उठला. मालनने, म्हणजे दत्तारामच्या बायकोने, त्यावरून कितीतरी दिवस अबोला धरला. दत्ताराम आपला ढिम्म. दोष लपवून गाडी बरी होते काय, एवढाच त्याचा सवाल. एरवी तो चारचौघांसारखं मुंबईचं मराठी बोलायचा, पण राग आला किंवा मन भरून आलं की मालवणी बाहेर पडायची. त्यामुळे मिस्त्रीचं काय बिनसलंय हे ऐकणाऱ्याला लगेच कळायचं.

आणि त्याची ती फुंकर! कार्बुरेटरचा जेट असो की पेट्रोलची नळी, दत्ताराम ती सोडवायचा, ओठाला लावायचा आणि गाल फुगवून फुंकायचा. वारा आरपार गेला तर नळी साफ. हवेचा पंप वापर की, असं कोणी म्हटलं तर म्हणायचा, “पंपाला अडलेलं कळत नाही, ओठाला कळतं.” त्यामुळे तोंडाला सदा पेट्रोलचा वास. या माणसाशेजारी उदबत्तीसुद्धा लावायची भीती वाटते, असं मालन शेजारणींना सांगायची.

ट्रायल घ्यायची तर त्याचा आणखी एक हट्ट होता. आधी स्वतःच्या डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतायचं आणि मगच गाडी बाहेर काढायची. लोकांच्या टाकीत रॉकेलपासून काय काय मिसळलेलं असतं, त्याच्यावर आपली परीक्षा का द्यायची? सवय चांगली होती. पण चांगली सवयसुद्धा एखाद्या वेळी माणसाला तोंडघशी पाडते, ती अशी.

आनंदा नावाचा त्याच्या गावचाच एक टॅक्सीवाला होता. डिलाईल रोडच्या चाळीत आई आणि धाकटा भाऊ जयवंत यांच्याबरोबर राहायचा. आधी गिरणीत, सूतखात्यात होता. तिथे कापसाच्या तुसाने त्याची छाती धरली. जिना चढला तरी शिट्टी वाजायची. खातं सोड नाहीतर गावाला तुझी नुसती खबर जाईल, असं डॉक्टरने सांगितलं, तेव्हा त्याने होतं नव्हतं ते घालून एक जुनी हिलमन टॅक्सी घेतली. युद्धाच्या आधीची गाडी, पण इंजिन खणखणीत. ती पारखून दिली दत्तारामनेच. “डोळे मिटून घे,” असं म्हणाला होता. गिरणी सुटली आणि आनंदाची छाती हळूहळू बरीच मोकळी झाली.

मग आला छप्पन्नचा जानेवारी. मुंबई पेटली. लालबागेत गोळीबार झाला आणि त्यात जयवंतच्या मांडीत गोळी घुसली. आनंदाने भावाला मागच्या सीटवर आडवा घातला, दगडविटांतून हिलमन काढली आणि थेट के.ई.एम. गाठलं. जरा उशीर झाला असता तर अंगातलं रक्त संपलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. जयवंत वाचला. पाय थोडा ओढत चालतो, पण चालतो. त्या दिवसांत गिरणगावातल्या कितीतरी घरांतले मुलगे घरी परतले नाहीत. त्यामुळे आनंदाच्या आईच्या, सुभद्राकाकीच्या, लेखी ती गाडी आता गाडी उरलीच नव्हती. मारुतीने द्रोणागिरी आणला, तसा हिने माझा झील, माझा पोरगा आणला, असं ती सांगायची. दर शनिवारी मारुतीला शेंदूर, तसाच गाडीलाही.

तर अशी ही गाडी पुढे आजारी पडली. मुंबई अजून द्विभाषिक राज्यात अडकलेली, सभा-मोर्चे चालूच होते. अशात एक दिवस आनंदा गॅरेजात येऊन उभा राहिला.

“मिस्त्री, गाडी ओढत नाही.”

“कधी ओढत नाही?” दत्तारामने विचारलं. बॉनेटला हात लावायच्या आधी तो मालकाला बोलकं करायचा.

“सकाळी एकदम बरी असते. एक-दोन भाडी झाली की पिकअप जातो. ॲक्सिलरेटर पार फळीला टेकवतो, तरी आपली रडत चालते. आणि चढ आला की संपलंच. काल केम्स कॉर्नरला पॅसेंजर उतरून ढकलत होते, आणि शिव्या मला! जरा वेळ उभी केली की परत ठीक. पेट्रोल भरलं की थोडा वेळ तर काय, उडतेच.”

“ताज्या पेट्रोलाने?”

“मला तसंच वाटतं. शिळं झालं की ताकद जाते.”

“पेट्रोल म्हणजे काय पेज आहे शिळी व्हायला?” दत्ताराम म्हणाला आणि त्याने बाह्या वर केल्या.

त्याने प्लग काढून घासले. पॉइंट बदलले. टायमिंग लावलं. कार्बुरेटर सगळा सुटा करून एकेक जेट फुंकला, टाकीपासूनची नळी फुंकली, पेट्रोलचा पंप उघडून बघितला. मग आपला डबा घेऊन मागे गेला. टाकीच्या झाकणावर शेंदराचा जाड थर होता. दत्ताराम मारुतीचा भक्त. त्याने आधी झाकणाला हात लावून कपाळाला लावला, अलगद झाकण फिरवलं, पेट्रोल ओतलं, झाकण तितक्याच अलगद परत बसवलं. चिंचपोकळीच्या पुलावर हिलमन अशी चढली की विचारू नका. “घेऊन जा,” तो आनंदाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आनंदा परत हजर. गाडी मलबार हिलच्या चढावर बसली होती.

आता दत्ताराम इरेला पेटला. त्याने व्हॉल्व्ह घासले. हँडल फिरवून कॉम्प्रेशन बघितलं, ते भरपूर. सायलेन्सर कोंडला असेल म्हणून तो उतरवून काठीने ठोकला. ब्रेक धरून राहत असतील म्हणून गाडी फिरवून आणली आणि चारी चाकांवर हात ठेवून बघितला, चाकं थंड. क्लच घसरतोय म्हणावं तर तेही नाही. दर वेळी डब्यातलं पेट्रोल, दर वेळी शेंदराला नमस्कार, दर वेळी पुलावर गाडी घोड्यासारखी. आणि दर वेळी आनंदाच्या हातात गेली की कुठल्यातरी चढावर धाप टाकायची. नाक्यावरच्या टॅक्सीवाल्यांना तर चघळायला विषयच मिळाला. “मिस्त्री, हिलमनला पाचगणीला धाडा, हवापालटाला,” असं एकजण म्हणाला, आणि दत्तारामने पाना फेकून मारायचाच काय तो बाकी ठेवला.

शेवटी शुक्रवारी आनंदा आला तो गाडी न घेताच. बाकड्यावर बसला आणि खाली बघत म्हणाला, “राहू दे आता, मिस्त्री. नागपाड्याच्या भंगारवाल्याशी बोललोय. सोमवारी गाडी ओढून नेतो म्हणाला.”

“आणि मग तू काय करणार?”

“गिरणीतल्या जॉबरला भेटलो. सूतखात्यात जागा आहे म्हणतो.”

पुलाकडून चालत आल्यामुळे आनंदाची छाती वाजत होती. गाडीचा कुठलाही आवाज ओळखणाऱ्या दत्तारामला ती शिट्टी कशी ऐकू येणार नाही? हा पोरगा परत त्या खात्यात गेला तर फार दिवस काढत नाही, हे त्याला कळत होतं, आनंदालाही कळत होतं. डोळे मिटून घे, असं सांगितलं कोणी होतं? आपणच. त्या रात्री दत्ताराम जेवला नाही. मासे तसेच ताटात राहिले.

शनिवारी सकाळी तो उठला आणि डिलाईल रोडला निघाला. आनंदाला तोंडावर सांगायचं होतं, की बाबा, माझे हात टेकले, दोष मला सापडला नाही. उभ्या आयुष्यात हे वाक्य त्याने कोणाला ऐकवलं नव्हतं, पण लपवून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

चाळीच्या नळाजवळ हिलमन उभी होती, पाठ चाळीकडे करून. गाडीच्या मागे सुभद्राकाकी वाटी घेऊन उभी होती. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. ती गाडीला गाऱ्हाणं घालत होती, गावच्या देवळात घालतात तसं.

“बा मारुतीराया, म्हाराजा! माझो एक झील तू हाडून दिलंस, तुझे उपकार फिटाचे नाय. आता दुसऱ्याक सांभाळ रे म्हाराजा. तेका गिरणीत धाडू नको. तेच्या छातीक कापूस सोसना नाय. तू बरी हो गो बाय, बरी हो.”

देव म्हणावं की गाडी, तिचं तिलाच समजत नव्हतं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि अंगठ्याने ती शेंदूर टाकीच्या झाकणावर दाबून दाबून बसवत होती, मागच्या शनिवारच्या थरावर नवा थर. दत्ताराम मागे येऊन थांबला. सवयीने त्याचा हात नमस्काराला उठला आणि अर्ध्यावरच राहिला.

टाकीच्या झाकणाला मध्यभागी एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली इंजिनाकडे गेलं की त्याच्या जागी वरून हवा आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड गळत नाही, दुसरं पाडावं लागतं, कुठल्याही वाण्याला विचारा. आणि दत्तारामने तर सगळी हयात या भोकांवर काढलेली. अख्खी गाडी फुंकून झाली होती, फक्त हेच एक भोक राहिलं होतं, कारण त्याच्यावर देव बसला होता.

“काकी, हयसर कित्याक लावतंस?” त्याने हळूच विचारलं.

काकीने पदराने डोळे पुसले. “आधी बॉनेटार लावी होतंय मां! एका गिऱ्हाइकाच्या धोतराक शेंदूर लागलो, तो आनंदावर वरडलो. आनंदा म्हणालो, आये, जंय दिसाचो नाय थंय लाव. मगे म्हटलंय, जंय पेट्रोल पिता थंयच लावूया. देवाचा नाव तोंडातसून पोटात जाता.”

“बरोबर आहे,” दत्ताराम म्हणाला. वर जाऊन त्याने आनंदाला उठवला. “चल, गाडी काढ. आज माझा डबा नाही. टाकीत आहे तेवढ्यावर जायचं, आणि झाकणाला हात लावायचा नाही.”

भायखळा झालं, ग्रँट रोड झाला, गवालिया टँक झाला. दत्ताराम आनंदाशेजारी इंजिनाकडे कान लावून बसला होता. केम्स कॉर्नरचा चढ लागला आणि हिलमन कण्हायला लागली. आनंदाने ॲक्सिलरेटर फळीला लावला. गाडीने दोन गचके दिले आणि कडेला बसली.

“बघितलंत?” आनंदा म्हणाला. “म्हणून म्हणतो, जाऊ दे भंगारात.”

दत्ताराम उतरला, मागे गेला, झाकणाला नमस्कार केला आणि ते फिरवलं.

सुंऽऽऽ.

टाकीने लांबलचक श्वास आत ओढला. बुडी मारलेला माणूस वर येऊन घेतो ना, तसा. दर ट्रायलआधी डबा ओतायला झाकण उघडायचं, तेव्हा हाच श्वास तिला आयता मिळायचा. आनंदा मान बाहेर काढून बघत राहिला.

“स्टार्टर मार,” दत्ताराम ओरडला.

इंजिन थोडं घुटमळलं आणि सुरू झालं. दत्तारामने टाकीच्या तोंडावर सैलसं फडकं टाकलं, झाकण मांडीवर घेऊन तो पुढे बसला आणि गाडी मलबार हिलवर चढली, सरळ, न कुरकुरता, पार वरच्या बागेपर्यंत. तिथे झाडाखाली गाडी उभी करून त्याने काडेपेटीतली काडी काढली आणि झाकणाच्या भोकातला शेंदूर उकरला. मग झाकण ओठाला लावून फुंकलं. वारा अडला. परत उकरलं, परत फुंकलं. तिसऱ्यांदा वारा आरपार गेला.

आनंदाच्या आता सगळं लक्षात आलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. “म्हणजे आयेने? दर शनिवारी? मी इथे मरायला टेकलोय आणि ही माझ्या गाडीचं नाक बंद करतेय! घरी जाऊन आधी तिला…”

“गप मेल्या!” दत्तारामची मालवणी सुटली. “तिणा एकटेन बंद केलान? तू रोज हात जोडलंस. पेट्रोल भरणाऱ्यान हात जोडले. आणि मी? ह्या शेंदराक मी कितीदा पाया पडलंय! सगळी गाडी फुकलंय आणि ह्या एक भोक सोडलंय. काखेत कळसो नि गावाक वळसो. तिका बोलाचा आसात तर आधी माका बोल.”

आनंदाने त्याच्या हातातलं झाकण घेतलं आणि टाकीवर बसवलं.

“आणि तिका सांगतलंस काय?” दत्तारामचा आवाज खाली आला. “एक झील वाचलो म्हणून ती शेंदूर लावता. तिका सांगतलंस, की आये, दुसऱ्याक तूच गिरणीत धाडी होतंस? त्या म्हातारेच्या तोंडात परत घास जायत काय?”

आनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने गाडी वळवली.

चाळीपाशी सुभद्राकाकी वाटच बघत होती. गाडी थांबायच्या आत पुढे आली. “काय झाला रे? गावला?”

दत्ताराम खाली उतरला. ज्या माणसाने मेहुण्याला भर पंगतीत सोडलं नव्हतं, तो माणूस नजर चुकवून म्हणाला, “पेट्रोलात कचरो होतो, काकी. साफ केलंय. आता गाडीक मरण नाय.”

काकी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिची नजर गाडीच्या मागे झाकणाकडे गेली आणि परत त्याच्या तोंडावर आली.

“कचरो होतो?” तिने विचारलं.

“होय.”

“बरां झाला,” ती म्हणाली. “चाय घेवन जा.” आणि ती वळून भराभर जिना चढून गेली. चहा जयवंतने आणून दिला. काकी काही पुन्हा बाहेर आली नाही.

दत्ताराम घरी पोचला तो स्वतःवर खूश होऊन. आयुष्यातलं पहिलं खोटं, पण कसं साफ बोललो! दारात मालनने त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. “अहो, कुठल्या मारुतीचा मुका घेऊन आलात?”

त्याने आरसा घेतला. ओठ शेंदरी, मिशा शेंदरी, नाकाचा शेंडाही शेंदरी. “मालन, म्हातारेन बघितलान गो,” एवढंच तो म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं. मालनचं हसू सांगता सांगता विरून गेलं.

सोमवारी भंगारवाला आला तसा हात हलवत परत गेला. आनंदाने जॉबरला नाही म्हणून कळवलं. पण दत्ताराम आठवडाभर डिलाईल रोडच्या बाजूला फिरकला नाही. म्हातारी काय करत असेल, रडत असेल, की तिने देव सोडला असेल, या विचाराने त्याचं कामात लक्ष लागेना. जेट फुंकताना मधेच थांबायचा. आपण शेंदूर पुसूनही आलो नाही, एवढं साधं कळू नये?

पुढच्या शनिवारी हिलमन गॅरेजसमोर येऊन थांबली. आनंदाने हाक मारली, “मिस्त्री, जरा मागे येऊन बघा.”

दत्ताराम गेला. टाकीच्या झाकणावर ताजा शेंदूर होता. पातळ, गोल, नीट रेखलेला. आणि बरोबर मधोमध ते भोक उघडं, साफ.

“मी तिला एका शब्दाने बोललो नाही,” आनंदा म्हणाला. “सकाळी बघतो तर तिने झाडूचा हीर भोकात उभा करून ठेवलाय आणि भोवतीनं शेंदूर लावतेय. लावून झाल्यावर हीर काढून घेतला. मी विचारलं, आये, हे काय? तर म्हणाली, देवाकय श्वास घेवचो लागता रे. आणि तुम्हाला निरोप दिलाय.”

“काय?”

“दत्तारामाक सांग, खोटा बोलतलंस तर आधी तोंड पुसून ये.”

दत्ताराम हसायला गेला आणि त्याला हुंदका आला. त्याने झाकणाला हात जोडले. मग खाली वाकून, ओठ अगदी टेकवून, त्या भोकावर हलकेच फुंकर मारली. वारा आत गेला.

त्या संध्याकाळी तो लालबाग नाक्यावरून चालत घरी गेला. टॅक्सीवाले त्याच्या शेंदरी मिशांकडे बघून हसत होते, आणि खिशात रुमाल असूनही त्याने त्या पुसल्या नाहीत.